वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सोडा आणि कोल्ड्रिंक: कधी, किती, कसं

३३० मिलीच्या कोल्ड्रिंकच्या कॅनमध्ये साधारण एक लिटर कार्बन डायऑक्साइड कोंबलेला असतो. बायपासनंतर (यात जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात) जठराचा जो पाऊच, म्हणजे छोटी पिशवी, उरतो त्यात सुमारे ३० मिली मावतं. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात; त्यानंतर उरलेल्या नळीत १०० ते १५० मिली. कॅन उघडताना आणि ग्लासात ओतताना बराच वायू उडून जातो हे खरं, पण उरलेलाही काही कमी नसतो. त्यात थंड पाणी जास्त वायू धरून ठेवतं. फ्रिजमधल्या तापमानाला पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या निम्म्याहून कमी शरीराच्या तापमानाला विरघळतो. म्हणजे बर्फगार घोट पोटात गेला की तिथेच तापतो आणि तिथेच वायू सोडतो.

या वायूला बाहेर पडायला दोनच वाटा: वर ढेकर, नाहीतर खाली आतडं. बायपासमध्ये पाऊचच्या खालच्या तोंडाशी झडप नसते, त्यामुळे वायू आतड्यात लवकर उतरतो आणि खाली गुडगुड, मुरडा, फुगारा होतो. स्लीव्हमध्ये खालची झडप शाबूत असते आणि नळी अरुंद, म्हणून आतला दाब आधीच जास्त. वायू वरच ढकलला जातो आणि त्याच्यासोबत आम्लही. स्लीव्हवाल्यांना छातीत जळजळ जास्त का होते, त्याचं हे एक कारण. बँड, म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती आवळलेला पट्टा, बसवलेला असेल तर वायू बँडच्या वरच्या चिमुकल्या भागात अडकतो आणि दुखणं लगेच जाणवतं.

सोड्याने पाऊच ताणतो का?

शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाने ही भीती ऐकलेली असते. वायूच्या दाबाने पाऊच कायमचा मोठा होतो, असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. जठर लवचिक असतं, वायू काही मिनिटांत वाट काढतो आणि भिंत पूर्ववत होते. पाऊच सैल पडण्यामागे रोज तडस लागेपर्यंत खाणं हे जास्त पटणारं कारण आहे.

पण म्हणून सोड्याला मोकळं रान मिळत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत अडचण वायूची असते, पुढे साखरेची आणि सवयीची. बहुतेक लोक दुसरीपेक्षा पहिलीला जास्त घाबरतात. वर्षभरानंतर वजन पुन्हा चढू लागतं तेव्हा त्यामागे बुडबुडे नसतात, रोजचे दोन कॅन असतात.

शस्त्रक्रियेच्या आधी

रोज कोला किंवा एनर्जी ड्रिंक पिण्याची सवय असेल तर ती शस्त्रक्रियेच्या दिवशी एकदम तोडू नका. कॅफिन बंद झालं की १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं आणि हे आठवडाभरही चालू शकतं. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि त्यावर ही डोकेदुखी, हा ताप टाळता येतो. तीन-चार आठवडे आधी सुरुवात करा आणि दर चार-पाच दिवसांनी एक कॅन कमी करा. शेवटच्या आठवड्यात एकही कॅन येणार नाही असा हिशेब ठेवा.

पहिले तीन महिने: नाही म्हणजे नाही

जठरावर स्टेपलची लांब रांग असते आणि बायपासमध्ये आतड्याचा नवा जोडही. सूज उतरायला आणि जोड पक्का व्हायला वेळ लागतो. या काळात आतला दाब वाढवणारी कुठलीच गोष्ट नको. काही सर्जन सहा महिने सांगतात, काही कायमचं बंद करायला सांगतात. तुमच्या सर्जनने जी मुदत दिली असेल ती पाळा. इथे दिलेली तीन महिन्यांची मुदत ही कमीत कमी समजा.

दुसरं कारण पाण्याचं आहे, आणि रोजच्या जगण्यात तेच जास्त छळतं. दिवसाला किमान दीड लिटर द्रव पोटात जायला हवा. दर पंधरा मिनिटांना ३० मिली घेतलं तर तासाला १२० मिली होतात आणि जागेपणीच्या तेरा तासांत कसाबसा दीड लिटर भरतो. हिशेबात शिल्लक काहीच नाही. सोड्याने तडस लागून दोन तास काही प्यावंसं वाटलं नाही की २४० मिली गेले, आणि ते रात्री एकदम पिऊन भरून निघत नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं.

वायू फक्त बाटलीतूनच येतो असं नाही. फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या आणि वेदनाशामक गोळ्या, आम्लपित्तावरची फसफसणारी पावडर, कोम्बुचा (आंबवलेला चहा), बिअर, स्पार्कलिंग वाइन, हे सगळं त्याच यादीत. पोट फुगलंय म्हणून फसफसणारी पावडर घेणं तर अगदी उलटं: खाण्याचा सोडा आणि आम्ल यांची प्रक्रिया पोटातच पूर्ण होते आणि सगळा वायू तिथेच सुटतो. फसफसणारी गोळी डॉक्टरांनी दिलीच असेल तर ती ग्लासभर पाण्यात पूर्ण विरघळवा, चमच्याने ढवळा, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवा आणि मग घोटाघोटाने घ्या. त्या गोळीत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नाही ना, हेही पाहा. बायपासनंतर या औषधांनी आतड्याच्या जोडापाशी अल्सर होऊ शकतो.

एक गैरसमज इथेच दूर करू. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत खांदा दुखतो, तो काही प्यायल्यामुळे नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइडच वापरतात. उरलेला वायू छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या स्नायूला डिवचतो आणि कळ खांद्यात जाणवते. तो वायू पोटाच्या पोकळीत असतो, जठरात नाही, त्यामुळे ढेकर काढून उपयोग होत नाही. थोडं थोडं चालल्याने बरं वाटतं.

तलफ आली तर

जिभेला जी झिणझिणी लागते ती बुडबुडे फुटल्यामुळे येते असं वाटतं. खरं तर कार्बन डायऑक्साइडपासून जिभेवर कार्बॉनिक आम्ल बनतं आणि ते डंख मारतं. म्हणजे तलफ आंबट डंखाची आणि गारव्याची असते. म्हणून गार पाण्यात लिंबाची चकती आणि चुरडलेला पुदिना टाकून पंधरा मिनिटं ठेवलेलं पाणी नुसत्या पाण्यापेक्षा जास्त समाधान देतं. साखर नको. छातीत जळजळ होत असेल तर लिंबू वगळून काकडी घ्या. बर्फाचा चुरा चघळणंही चालतं, फक्त अगदी गार घेतल्यावर पाऊचला कळ येत असेल तर तो नाद सोडा.

पहिला घोट घेताना

तीन महिने होऊन गेले, नेहमीचं घट्ट जेवण पचतंय, उलट्या किंवा जळजळ नाही आणि सर्जन किंवा आहारतज्ज्ञांनी हो म्हटलंय, या चारही गोष्टी जुळल्या तरच पुढे जा.

१. साधं, बिनसाखरेचं सोडा वॉटर निवडा. पहिल्याच वेळी कोला नको. त्रास झाला तर तो वायूचा, कॅफिनचा की साखरेचा, हे कळणार नाही.

२. जेवणानंतर किमान ३० मिनिटं जाऊ द्या आणि पुढच्या जेवणालाही अर्धा तास तरी असू द्या. अन्न आणि वायू एकत्र आले की अन्न वर येतं. घाईची कामं नसलेली, घरची दुपार बरी.

३. वायू आधी कमी करा. एका ग्लासातून दुसऱ्यात उंचावरून आठ-दहा वेळा ओता, मग रुंद तोंडाच्या भांड्यात अर्धा तास बाहेरच्या तापमानाला ठेवा. बाटलीतून किंवा कॅनमधून थेट कधीच पिऊ नका.

४. मोजून ३० मिली घ्या. ताठ बसून, एका वेळी चमचाभर, पंधरा मिनिटांत संपवा. स्ट्रॉ नको, तिच्यातून हवाही गिळली जाते.

५. ढेकर येऊ द्या, दाबू नका. छातीच्या हाडामागे दाब, कळ किंवा उचकी सुरू झाली की थांबा, उरलेलं ओतून टाका. झोपू नका, हळूहळू फिरा. साधारण अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटायला हवं.

६. पुढचा प्रयोग दुसऱ्या दिवशी नाही. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग ६० मिली. त्रास झाला असेल तर महिनाभर विषय बंद.

कितीही सोसलं तरी एका बैठकीत १०० ते १५० मिलीच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. हे पाण्याच्या दीड लिटरमध्ये धरू नका.

वायू पूर्ण गेला का, हे तपासणं सोपं आहे. पेय बाटलीत अर्धं भरा, झाकण लावून जोरात हलवा, उघडा. फुस्स आवाज आला तर अजून वायू आहे. चिमूटभर मीठ टाकलं की वायू झपाट्याने सुटतो, पण त्या मिठाचीही नोंद हवी, विशेषतः रक्तदाब असेल तर. आणि कोल्ड्रिंक सपाट करून पिणं ही पळवाट नव्हे. वायू गेला तरी साखर तिथेच राहते.

कुठलं पेय किती वाईट

साखरेचं कोल्ड्रिंक सगळ्यात वाईट. ३३० मिली कोलात सुमारे ३५ ग्रॅम साखर आणि १४० कॅलरी असतात. बायपासनंतर ही साखर थेट लहान आतड्यात उतरते, आतडं स्वतःकडे पाणी ओढून घेतं आणि १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, मुरडा, जुलाब सुरू होतात. याला डंपिंग म्हणतात. दुसरा झटका एक ते तीन तासांनी येऊ शकतो: साखर झपाट्याने चढल्यामुळे इन्सुलिन जास्त सुटतं, मग साखर खाली कोसळते, हात थरथरतात, डोकं हलकं होतं. अशा वेळी गाडी चालवत असाल तर आधी बाजूला घ्या. स्लीव्हमध्येही हे होऊ शकतं, मात्र कमी. ज्यांना डंपिंग होत नाही ते स्वतःला नशीबवान समजतात. खरं तर त्यांना सावध करणारी घंटाच नसते.

डाएट पेयात साखर नसते, पण आम्ल असतं. कोलाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) अडीचच्या आसपास, साध्या सोडा वॉटरचा चार ते पाच. जळजळ होत असेल किंवा अल्सर होऊन गेला असेल तर डाएट कोलाही नको. लेबलवर सॉर्बिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) दिसलं तर वायूच्या जोडीला जुलाबही धरून चाला.

टॉनिक वॉटर सोडा वॉटरसारखं दिसतं, पण त्यात साखर असते. इथे पुष्कळ लोक फसतात. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिली कॅनमध्ये साधारण ८० मिलीग्रॅम कॅफिन असतं, वर साखर. ते पूर्ण टाळा. बिअरमध्ये वायू आणि मद्य दोन्ही. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर आणि जास्त चढतं, त्यामुळे पूर्वीच्या अंदाजावर विसंबू नका.

अन्न अडकलं असेल तेव्हा

घशाखाली घास अडकला की कोला पिऊन तो विरघळवायचा, असा सल्ला ऐकायला मिळतो. जठरातले काही घट्ट गोळे विरघळवायला डॉक्टर कोला वापरतात हे खरं, पण ते देखरेखीखाली. घरी अडकलेल्या घासामागे वायू सोडला तर वर-खाली दोन्हीकडून कोंडी होते. खाणं-पिणं थांबवा, ताठ उभे राहा, चाला. लाळही गिळता येत नसेल किंवा काही तासांत सुटका झाली नाही तर दवाखाना गाठा.

सोडा प्यायल्यावर थोडा फुगारा, ढेकरा, गुडगुड हे चालायचंच. पण पोटातलं दुखणं वाढत जाणं, नाडी आराम करतानाही १२० च्या वर, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, धाप, थांबत नसलेल्या उलट्या, काळी डांबरासारखी शौच किंवा उलटीत रक्त, यातलं काहीही दिसलं तर गॅस झालाय असं म्हणत वाट पाहू नका. पहिल्या काही आठवड्यांत टाक्यांतून गळती झाली तर तिची सुरुवात अशीच दिसते. तातडीच्या विभागात जा आणि शस्त्रक्रिया कुठली आणि कधी झाली, हे पहिल्याच वाक्यात सांगा.