दहा ओळींचा परिचय लिहिताना या चुका टाळा

‘महाराष्ट्राच्या पावन भूमीत अनेक नररत्ने होऊन गेली.’ दहा ओळींच्या परिचयातली पहिली ओळ अशी खर्ची पडली की उरल्या नऊ, आणि माणूस कोण हे अजून कळलेलेच नाही. कोशातली नोंद अशी सुरू व्हावी: धोंडो केशव कर्वे (१८ एप्रिल १८५८ – ९ नोव्हेंबर १९६२), स्त्रीशिक्षण आणि विधवाविवाह यांसाठी झटलेले समाजसुधारक, १९१६ मध्ये सुरू झालेल्या महिला विद्यापीठाचे संस्थापक. लोक त्यांना ‘महर्षी’ म्हणत, हे एकदा सांगावे. दर ओळीत नको.

कर्व्यांचेच उदाहरण पुढे चालवू, कारण पाय घसरण्याच्या बहुतेक जागा त्यांच्या परिचयात सापडतात. जन्मगाव म्हणून अनेकदा मुरूड लिहिले जाते. मुरूड त्यांचे गाव खरे, वाढलेही तिथेच. पण जन्म आजोळचा, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत, त्यामुळे मूळ गाव आणि जन्मगाव एकच धरून चालू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, जन्म मात्र महूचा, कारण वडील लष्करात होते. दोन्ही गावे लिहायची तर कोणते कशाचे, तेही लिहा.

बरे, मुरूड तरी कोणते? एक रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ, दुसरे रायगडात जंजिऱ्याचे, तिसरे लातूर जिल्ह्यात. कर्व्यांचे दापोलीचे. तालुका गाळला की त्यांच्या परिचयाला जंजिऱ्याचा फोटो चिकटायला वेळ लागत नाही.

बापलेकांची सरमिसळ हा आणखी एक घोळ. संततिनियमनाचा प्रचार आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिक हे काम र. धों. कर्व्यांचे, म्हणजे मुलाचे. नुसते ‘कर्वे’ शोधून मजकूर उचलला की वडिलांच्या खात्यावर जमा होते. आद्याक्षरे जुळवल्याशिवाय एकही ओळ घेऊ नका. विद्यापीठाच्या नावाचेही तसेच. उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि मग त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे नाव संस्थेला लागले. स्थापनेच्या वाक्यात आजचे नाव लिहायचे तर ‘आजचे’ हा शब्दही लिहावा.

स्थळांच्या बाबतीत जिल्हा हमखास दगा देतो. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले. जुन्या पुस्तकात तो रत्नागिरी जिल्ह्यात दिसेल, आणि त्या पुस्तकाची काही चूक नाही; सिंधुदुर्ग जिल्हाच मुळी १ मे १९८१ चा. जव्हार २०१४ पर्यंत ठाण्यात होते, आता पालघरमध्ये आहे. पुस्तक कितव्या सालचे, हे आधी पाहावे आणि जिल्हा आजचा लिहावा. ‘नुकताच जागतिक वारसा यादीत समावेश’ असेही नको. १२ मराठा किल्ल्यांचा समावेश जुलै २०२५ मध्ये झाला. ‘नुकताच’ दोन वर्षांत शिळा होतो, साल होत नाही.

‘सर्वांत मोठे’, ‘जगातील तिसरे’ वगैरे दिसले की पेन्सिल हातात घ्या. लोणारच्या विवराला असे क्रमांक बिनदिक्कत दिले जातात. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर कॅनडातल्या मॅनिकुआगनच्या विवरातले कड्यासारखे तळेच सुमारे ७० किलोमीटर रुंद! लोणारचे खरे वैशिष्ट्य वेगळेच आहे: ते उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेले विवर आहे, आणि अशी विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. क्रमांक खोडून एवढे लिहिले तरी नोंद भारदस्त होते.

शेवटची चूक आकडेमोडीची. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असते. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून माघ-फाल्गुनाच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. पौष डिसेंबर-जानेवारीत विभागलेला असतो, तेव्हा त्याच्यासाठी जंत्रीच, म्हणजे तिथी-तारखांचा मेळ देणारे पुस्तकच, उघडलेले बरे. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. पाठ असलेला ७८ मिळवला तर १६२९ येते. राज्य शासनाने मान्य केलेली तारीख आहे १९ फेब्रुवारी १६३०.