कागदाचा टी-३४ रणगाडा घरी कसा बांधायचा

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला रणगाड्याचा पट्टा समजावून सांगावा लागत नाही. चादरीच्या मागावर जकार्डची, म्हणजे नक्षी ठरवणारी, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोरीने एकमेकांना ओवलेली असतात आणि त्यांची माळ वरून खटाखट फिरत राहते. एकेक कार्ड पुढे सरकतं, कोपऱ्यावर वळतं, खाली उतरतं. रणगाड्याचा पट्टा हेच करतो, फक्त लोखंडाचा असतो. कागदी रणगाडे करायला लागल्यावर हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्याहून उशिरा कळलं, की रद्दीत जाणारी तीच कार्डं मॉडेलच्या सांगाड्याला फार उत्तम.

कोणता रणगाडा घ्यायचा

पहिल्यांदा करणारा हमखास जर्मन टायगर मागतो. त्याचं अंग सरळ पत्र्यांचं, म्हणजे सोपं दिसतं, पण चाकं एकमेकांत गुंतलेली. ती कापता कापता उत्साह मावळतो. अमेरिकन शर्मनच्या चाकांचे जोड आणि स्प्रिंगा बाहेर उघड्यावर, तेही किचकट. १९६५ च्या युद्धातला पॅटन आपल्याकडे सगळ्यांना माहीत, पण त्याचा ओतीव गोलसर बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) सपाट कागदातून काढणं म्हणजे नवशिक्याची परीक्षाच.

माझं मत, पहिला रणगाडा सोव्हिएत टी-३४, तोही १९४२ चा, ७६ मिलिमीटर तोफेचा. बुरूज षटकोनी. दोन्ही बाजूंना पाच-पाच मोठी चाकं. अमेरिकन इंजिनिअर ख्रिस्टीच्या चाकं टांगायच्या पद्धतीमुळे स्प्रिंगा अंगाच्या आत, त्यामुळे बाहेर काही लोंबत नाही. वरून परत येणाऱ्या पट्ट्याला आधार द्यायला वेगळी छोटी चाकंही नाहीत.

नकाशे (कापायचे छापील भाग) नेटवर तयार मिळतात. पोलंडमध्ये हा छंद फार जुना, आणि तिथल्या कागदी रणगाड्यांची नेहमीची मोजपट्टी १:२५. म्हणजे खरं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि २५ ने भागा. टी-३४ चं अंग तोफ सोडून ५.९२ मीटर लांब, म्हणजे मॉडेल २३.७ सेंटिमीटर. रुंदी ३ मीटर, म्हणजे १२ सेंटिमीटर. मोठं वाटत असेल तर १:३५ करा, प्रिंट ७१ टक्क्यांवर काढायची. पण लक्षात ठेवा, कागद लहान होतो, पुठ्ठ्याची जाडी लहान होत नाही. सांगाड्याचा पुठ्ठाही त्या हिशेबाने पातळ घ्यावा लागतो, नाहीतर खाचा बसत नाहीत.

प्रिंट

कागद १६० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा, चकचकीत नको. प्रिंट काढणाऱ्याला ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा आणि दुकानातच पट्टी लावून पानावरची मोजरेघ तपासा. मी एकदा अंगाची पानं एका दिवशी काढली आणि बुरुजाची चार दिवसांनी. दुसऱ्या वेळी मशीनने पान गुपचूप आक्रसून घेतलं. टी-३४ च्या बुरुजाचं कडं (ज्यावर बुरूज फिरतो) खऱ्यात १४२० मिलिमीटर व्यासाचं, १:२५ मध्ये ५६.८. माझं झालं ५३ च्या आसपास. जवळजवळ चार मिलिमीटरनी बुरूज भोकात खुळखुळायला लागला. चूक दुकानाची होती तशी माझीही होती, मोजायचं मी विसरलो होतो.

लेझर प्रिंटचा रंग घडीवर तडकतो. इंकजेटचा रंग ओल्या फेविकॉलने पसरतो. मी इंकजेट घेतो आणि कापण्याआधी पानावर पारदर्शक लॅकरचा हलका स्प्रे मारतो. स्प्रे गच्चीवर मारायचा, खोलीत नाही. दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास.

सामान

स्टीलची पट्टी, मोडत्या पात्याचा कटर, जादा पाती, फेविकॉल, फेविबॉण्ड, फेविक्विक, टूथपिक, बारीक पॉलिश पेपर, शाई संपलेला बॉलपेन, विणकामाची एक सुई, पोस्टर कलर. पाती भरपूर घ्या, बोथट पातं कागद कापत नाही, फाडतं.

सांगाड्याला बाइंडरकडचा एक मिलिमीटरचा राखाडी पुठ्ठा चालतो. जकार्डची कार्डं मिळाली तर सोन्याहून पिवळं. बऱ्याच मागांवर आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यामुळे जुनी कार्डं रद्दीत निघतात, ओळखीतल्या कारखानदाराकडे विचारून बघा. ती घट्ट असतात, सहजी वाकत नाहीत. लांबट आणि अरुंद असल्यामुळे तळाला उपयोगी पडत नाहीत, पण आडव्या फासळ्यांना दोन कार्डं एकावर एक चिकटवली की काम झालं. भोकं आत झाकली जातात.

सांगाडा

घाईत माणसं इथेच फसतात. बाहेरचा हिरवा कागद म्हणजे चादर, आत खाट वाकडी असेल तर चादर कितीही चांगली असून काय उपयोग.

सांगाड्याचे भाग पुठ्ठ्यावर चिकटवताना फेविकॉल वापरू नका. त्यातल्या पाण्याने पुठ्ठा पापडासारखा वळतो. इथे फेविबॉण्डसारखा बिनपाण्याचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, थोडा सुकू द्या, मग चिकटवा आणि वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर राहू द्या.

कापताना आधी आतली भोकं आणि खाचा, मग बाहेरची कड. उलट केलं तर हातात धरायला काही उरत नाही. एका दमात पुठ्ठा कापायला जाऊ नका, तीन-चार हलके हात मारा.

तळ काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि त्यावर फासळ्या गुण्यात (काटकोनात) उभ्या करा. टी-३४ ची खरी ओळख त्याच्या उतारात आहे. पुढचा पत्रा तळाशी ३० अंशांचा कोन करतो, म्हणूनच ४५ मिलिमीटरचं चिलखत समोरून येणाऱ्या गोळ्याला दुप्पट जाड पडायचं. कंपासपेटीतला कोनमापक घ्या, कार्डाचा ३० अंशांचा त्रिकोण कापा आणि प्रत्येक फासळीला लावून बघा. हा उतार चुकला तर समोर ठेवलेली वस्तू टी-३४ वाटतच नाही, नुसता हिरवा डबा वाटतो.

कातडं चढवणं

घडीची रेघ कापण्यापूर्वी दाबून घ्यायची, शाई संपलेल्या पेनाने, पट्टी लावून. मग कापा. कापल्यावर पांढरी कड दिसते, ती त्याच हिरव्या पोस्टर कलरने जवळजवळ कोरड्या ब्रशने रंगवा. कंटाळवाणं काम आहे. पण पांढऱ्या कडा राहिल्या की मॉडेल दहा फुटांवरूनही कागदाचं दिसतं.

आता फेविकॉल चालेल. टूथपिकने, बोटाने नाही, आणि वाटतो त्याच्या निम्मा. चिकटवण्याआधी प्रत्येक भाग कोरडाच लावून बघा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गोंद टूथपिकच्या टोकावरच वाळतो आणि पंख्याखाली कागद कुरळा होतो. उन्हाळ्यात मी सकाळी सहा ते आठ बसतो, पंखा बंद. बारीक भाग एकदा पंख्याने उडाले की फरशीवर हिरवे ठिपके शोधत रांगावं लागतं, हा अनुभव तुम्हीही घ्यालच.

तोफेची नळी गुंडाळण्याआधी कागदाची वीण बघा. कागद एका दिशेने सहज वळतो, दुसऱ्या दिशेने अडतो. सहज वळेल त्या दिशेने कागद विणकामाच्या सुईवर घट्ट फिरवा, सोडा, पुन्हा फिरवा. गोंद फक्त शेवटच्या कडेला.

चाकं

टी-३४ चं चाक ८३० मिलिमीटरचं, १:२५ मध्ये ३३.२. प्रत्येक चाक म्हणजे मध्ये फट असलेल्या दोन तबकड्या, कारण पट्ट्याचे दात त्या फटीतून जातात. म्हणजे वीस तबकड्या. पुठ्ठ्याचे गोल कापा, थर चिकटवा, कडेला फेविक्विकचा पातळ लेप द्या. सुकल्यावर कड दगडासारखी होते, मग पॉलिश पेपरने गोल करा. भोवती टायरची काळी पट्टी: ३३.२ गुणिले ३.१४ म्हणजे १०४ मिलिमीटर, वर तीन मिलिमीटर जोडाला.

चाकं बसवताना रणगाडा पुन्हा त्याच काचेवर. दहाही चाकं टेकली पाहिजेत. एक जरी अधांतरी राहिलं तरी डोळा बरोबर तिथेच जातो.

पट्टे

खऱ्या रणगाड्याला एका बाजूला ७२ कड्या, प्रत्येकी १७२ मिलिमीटर अंतराच्या. एक दाताची, एक सपाट, असा क्रम. १:२५ मध्ये एक कडी ६.९ मिलिमीटर, सगळा पट्टा साधारण ४९.५ सेंटिमीटर, रुंदी २ सेंटिमीटर. सगळ्या १४४ कड्या सुट्या करणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. पहिल्या मॉडेलला अखंड पट्टी घ्या. दोन कागदांमध्ये जुन्या धोतराची किंवा मलमलची पट्टी घालून चिकटवा, म्हणजे वळणावर तुटत नाही. दर ६.९ मिलिमीटरला आडवी रेघ दाबा, एकाआड एक कडीवर दात चिकटवा.

पट्टा ताणून बसवू नका. वरचा भाग चाकांच्या पाठीवर टेकतो आणि मधल्या फटींत किंचित झोळ पडतो. तो झोळ बोटाने दाबून चाकांना चिकटवा. जोड तळाशी, जमिनीकडे लपवा.

चिखल आणि गंज जपून. तपकिरी रंगाचा ब्रश फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि फक्त कडांवर फिरवायचा. खरा रणगाडा कुठे मळतो, कुठे झिजतो हे बघायचं असेल तर करमाळ्यावरून अहिल्यानगर गाठा. तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पॅटन, सेंच्युरियन, विजयंता हाताच्या अंतरावर आहेत. नवशिके जिथे तपकिरी रंग फासतात, तिथे चिखल किंवा गंज सहसा नसतोच, हे तिथे पंधरा मिनिटांत कळतं.

झाल्यावर काचेच्या पेटीत किंवा झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा, थेट ऊन नको, आणि कसर लागू नये म्हणून कोपऱ्यात डांबरगोळी.

माझा पहिला टी-३४ मात्र पेटीत राहिला नाही. भाच्याने तो दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत तोफखाना म्हणून उभा केला, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी हिरवा कागद चिखलात सुटून पडला होता. आतला जकार्डच्या कार्डांचा सांगाडा ओला होऊनही गुण्यात उभा होता. तो गच्चीवर उन्हात वाळवला, फासळ्यांची मापं त्याच्यावरूनच घेतली आणि दुसरा रणगाडा सुरू केला.