बैजिक राशीचं झाड कसं वाचावं

सिंपाय (SymPy, पायथन भाषेतली बैजिक गणिताची लायब्ररी) मध्ये क्ष, य, झ ही तीन चलं घ्या आणि क्ष − य/झ ही राशी लिहा. तिच्यावर 'एसरेप्र' (srepr) फंक्शन चालवलं की आतली रचना, म्हणजेच राशीचं झाड (वर क्रिया, खाली तिचे घटक), जशीच्या तशी छापून येते. साध्या प्रिंटवरून झाड ओळखायला जाऊ नका. ते रूप आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी मांडलेलं असतं.

आता कागदावर झाड काढा. मूळ वर, पानं खाली.

इथेच गाडी अडते. माझीही अडली होती. आपण वजाबाकीचा नोड (झाडातला सांधा) शोधत बसतो, आणि तो नसतोच. भागाकाराचाही नसतो. मुळाशी असते बेरीज. तिच्या एका फांदीवर क्ष, दुसरीवर गुणाकार. त्या गुणाकाराला तीन फांद्या: −१, य, आणि झ चा −१ हा घात. वर्गमूळ लिहिलंत तर तेही आत ½ घातांक होऊन बसतं. क्रियांचे प्रकार जितके कमी, तितके सरळरूपाचे नियम कमी लिहावे लागतात, म्हणून ही काटछाट.

तीन फांद्या, हे पुन्हा वाचा. 'प्रत्येक क्रियेला दोनच फांद्या' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि इथे तो साफ चुकीचा आहे. मी त्यावर विसंबून पहिल्या दोनच फांद्या वाचणारा प्रोग्राम लिहिला. तिसरी फांदी, म्हणजे अख्खा छेद, गुपचूप गळून गेला. एरर नाही, इशारा नाही, फक्त उत्तर चुकीचं. कारण सापडायला दोन दिवस गेले. फांद्या किती ते कधीही गृहीत धरू नका, 'आर्ग्ज' (args, म्हणजे नोडच्या फांद्यांची यादी) मधल्या सगळ्यांवरून फिरा. त्यांचा क्रम छापील क्रमासारखाच असेल असंही समजू नका.

'आर्ग्ज' रिकामं असेल तर ते पान, तिथे थांबा. नाहीतर प्रत्येक फांदीवर तेच काम करून 'फंक'ने (func, म्हणजे त्या नोडची क्रिया) नोड पुन्हा बांधा. जुनी राशी बदलत नाही, नवी तयार होते.

अपूर्णांकासाठी 'रॅशनल' वापरा. नुसतं १/२ लिहिलंत तर सिंपायपर्यंत पोचण्याआधीच पायथन त्याचं ०.५ करून टाकतं.

दोन राशी समान आहेत का हे '==' ने तपासू नका. ते फक्त झाडांचा आकार जुळवतं, त्यामुळे (क्ष + १)² आणि क्ष² + २क्ष + १ यांना ते वेगळं ठरवतं. वजाबाकी करून सरळरूप द्या. शून्य आलं तर समान. शून्य आलं नाही म्हणून मात्र असमान ठरवू नका, कारण कोणत्याही राशीचं शून्यत्व हमखास ओळखणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे गणितज्ञ रिचर्डसनने १९६८ मध्येच सिद्ध केलं आहे. अशा वेळी चलांना दोन-चार किमती देऊन पाहा.