घरचे म्हणतात इंजिनिअरिंग, तुम्हाला हवी चित्रकला: घरी विषय कसा काढायचा

दहावीच्या निकालाच्या रात्री हा विषय काढू नका. तोवर मामा-काकांचे फोन येऊन गेलेले असतात आणि बरेचदा इंटिग्रेटेड क्लासची (कॉलेज आणि प्रवेशपरीक्षेचा क्लास एकत्र) फीही भरलेली असते. एकदा फी भरली की भांडण तुमच्या आवडीवर राहत नाही, पैशांवर जातं. दहावीच्या दिवाळीतच बोला.

त्याआधी माहिती पक्की करा. बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) ही चित्रकलेची चार वर्षांची पदवी. तिची प्रवेशपरीक्षा राज्याचा सीईटी सेल घेतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असे पेपर असतात. बारावी कुठल्याही शाखेची चालते. डिझाइनसाठीची ‘यूसीड’ आयआयटी मुंबई घेते, तीही सगळ्या शाखांना खुली. (‘आयआयटी’ या शब्दाचं घरात किती वजन असतं, हे सांगायला नको!) आर्किटेक्चरला मात्र भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच.

म्हणजे अकरावीला सायन्स घेतल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते वेळेचं. कॉलेज, क्लास, लोकलचा प्रवास, की संपला दिवस. घरचे अडूनच बसले तर सायन्सला हो म्हणा, इंटिग्रेटेडला नाही. एवढी तडजोड परवडते.

‘मला आवड आहे’ या वाक्याला घरात कुणी किंमत देत नाही. कागद दाखवा. रोज एक तास, साठ दिवस: पितळी तांब्या, दोन कांदे, घडी विस्कटलेला टॉवेल, पेन्सिली 2बी, 4बी, 6बी. तांब्या नजरेच्या खाली ठेवला असेल तर त्याच्या तोंडाच्या लंबगोलापेक्षा बुडाचा लंबगोल जास्त उघडा, गोलाकडे झुकलेला दिसतो. नवखे बूड सपाट रेषेने उरकतात, आणि तांब्या हवेत तरंगतो. प्रत्येक कागदामागे तारीख टाका. पहिला आणि साठावा शेजारी ठेवलात की बाबांना चित्रातलं कळो न कळो, फरक कळतो.

बोलताना आधी आईला किंवा घरातल्या ऐकून घेणाऱ्या माणसाला गाठा. सगळ्यांसमोर, जेवताना नको. सोबत एकच कागद ठेवा: सरकारी आणि खासगी कॉलेजची वर्षाची फी, होस्टेल, रंगसाहित्याचा खर्च, परीक्षांच्या तारखा. साहित्याचा आकडा बहुतेक जण विसरतात आणि पहिल्याच सत्रात तोंडघशी पडतात.

‘पोट कसं भरणार?’ हे येणारच. वाद घालू नका. गावातल्या पॅकेजिंग किंवा जाहिरातीचं काम करणाऱ्या एखाद्या डिझायनरकडे बाबांना घेऊन जा आणि पगाराचं त्यांनाच विचारू द्या.

शेवटी मुदत ठरवा आणि लिहून ठेवा: बारावीला बीएफए सीईटी आणि यूसीड दोन्ही देणार, सायन्स असेल तर इंजिनिअरिंगच्या एमएचटी-सीईटीचाही फॉर्म भरणार, कुठेच नंबर लागला नाही तर एक वर्ष थांबायचं की नाही, हे आजच ठरलेलं. नातेवाइकांना काय सांगायचं तेही त्याच बैठकीत ठरवून घ्या, नाहीतर पुढच्या लग्नात कुणीतरी काका सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.