परदेशी कंपनीला रेट देण्याआधी: ती इथे का आली, हे कसं ओळखायचं

मी भोसरीत लहान व्हेंडरांची कॉस्टिंगची कामं करते. परदेशी कंपनीची एन्क्वायरी आली की सगळे आधी रेटवर येतात. माझं म्हणणं, रेट नंतर. ती कंपनी आपला देश सोडून इथे पैसा का घालतेय ते आधी बघा. तुमची ऑर्डर किती वर्षं टिकेल ते त्यावर ठरतं.

पहिलं काम, तिची घरची बाजारपेठ केवढी ते बघायचं. स्वीडनचंच घ्या. अख्ख्या देशाची लोकसंख्या एक कोटीवर गेली २०१७ साली. आपल्या एका पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतच ९४ लाख माणसं होती. तिथे गोथेनबर्गला कापडगिरणीत काम करणाऱ्या स्वेन विंगक्विस्ट या इंजिनिअरने शाफ्ट थोडा वाकला तरी जुळवून घेणारं बेअरिंग काढलं आणि १९०७ मध्ये एसकेएफ सुरू झाली. असल्या मालात पोलाद, ग्राइंडिंग, मोजमाप यांवरचा खर्च आधीच करून बसावं लागतं, मग दहा हजार नग विका नाहीतर दहा लाख. एवढ्याशा देशात तो वसूल होणार कसा? मोठ्या देशातल्या कंपनीला घरी बसून चालतं, हिला नाही.

पण मग माल नुसता एक्स्पोर्ट का केला नाही, हा खरा प्रश्न. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडीला अल्फा लावल, सँडविक, ॲटलास कॉप्को आणि पुढे चिंचवडला एसकेएफ, सगळ्या स्वीडिश. साठच्या दशकात आयातीवर जबर ड्युटी होती, वर लायसन्सची कटकट. बाहेरून माल येणं अवघड, म्हणून कारखानाच इथे आला. एखाद्या भारतीय कंपनीला ड्रॉइंग देऊन रॉयल्टी घेता आली असती, पण ज्याच्या हाती ड्रॉइंग जातं तो उद्या स्पर्धेत उभा राहतो. शिवाय ॲटलास कॉप्कोने कॉम्प्रेसर विकला की सर्व्हिसला माणूस जवळ लागतोच.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७५ मध्ये चार स्वीडिश कंपन्यांचा प्रवास तपासला होता. त्यात सँडविक आणि ॲटलास कॉप्को होत्या. साधारण क्रम असा: आधी एजंट, मग स्वतःचं विक्री ऑफिस, सगळ्यात शेवटी कारखाना. समोरची कंपनी यात कुठे आहे ते पहिल्याच मीटिंगमध्ये विचारून घ्या. नुसतं विक्री ऑफिस असेल तर पार्टची ऑर्डर इतक्यात येत नाही, कितीही गोड बोलले तरी.

आता कागद. कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर ॲन्युअल रिपोर्ट फुकट मिळतो, नसेल तर एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर शंभर रुपये भरून कागदपत्रं बघता येतात. चेअरमनचं भाषण सोडा. मागे नोट्समध्ये ‘रिलेटेड पार्टी’चा, म्हणजे परदेशातली मूळ कंपनी आणि तिच्या ग्रुपमधल्या बाकीच्या कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांचा तक्ता असतो, तो काढा. समजा विक्री ४०० कोटींची आहे. ग्रुपकडून तयार माल २०० कोटींचा घेतलाय? मग हे मुख्यतः दुकान आहे. मात्र त्यातलं काय इथे बनवायचा विचार आहे ते विचारा, तुमची संधी तिथेच. उलट, ग्रुपला विक्रीच २५० कोटींची असेल तर ती इथे आलीय स्वस्तात बनवून न्यायला. तिथे तुमची स्पर्धा शेजारच्या शेडशी नाही, पोलंड आणि चीनशी आहे, आणि रुपया, पगार, भाडं हलले की ऑर्डर हलते. ग्रुपशी घेणंदेणं थोडं, रॉयल्टी नियमित आणि विक्री इथल्याच गिऱ्हाइकांना, अशी कंपनी मला सगळ्यात आवडते. ती सहजी उठून जात नाही.

हेच उलट दिशेनेही लावून बघा, डोळे उघडतात. मुंढव्याच्या भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीत एनेपेटालची कार्ल डॅन पेडिंगहाऊस घेतली आणि २००५ मध्ये थेट स्वीडनमधला किल्स्टाचा फोर्जिंग कारखाना. तिथे मजुरी स्वस्त नव्हती. युरोपातली गिऱ्हाइकं आणि त्यांच्या डिझाइनवाल्यांशी रोजची ऊठबस हवी होती. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनने २००६ मध्ये बेल्जियमची गिअरबॉक्सवाली हॅन्सन घेतली, कारण पवनचक्क्यांचे गिअरबॉक्स तेव्हा मिळत नव्हते. कारण पटण्यासारखं होतं, कर्ज झेपलं नाही. २०१२ मध्ये परकीय चलनातल्या बाँडची परतफेड थकली. म्हणून कारणासोबत कर्जाचा आकडाही बघाच.

एवढं झालं की कोटेशन. इथल्या बाजारासाठी आलेल्या कंपनीला पहिल्या लॉटला मार्जिन थोडं कमी लावलं तरी चालेल. माल बाहेर नेणाऱ्या कंपनीच्या कोटेशनमध्ये मात्र स्टीलच्या भावाचं कलम (भाव हलला की रेट हलेल) टाका, आणि तिच्या एकटीच्या पार्टसाठी मशीन घेऊ नका. घ्यावंच लागलं तर डाय-फिक्श्चरचे पैसे वेगळ्या पीओवर (परचेस ऑर्डर), आगाऊ.