पानगळीचा पाचोळा जाळू नका, खत करा: इंदूरच्या कॉलनीतली आमची पद्धत

फाल्गुन लागला की इंदूरमध्ये दोन गोष्टी हमखास सुरू होतात, एक म्हणजे रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीला, यंदा राजवाड्यावर जायचं की गच्चीवरूनच रंग उडवायचा यावरची चर्चा, आणि दुसरी म्हणजे सकाळी सहा-साडेसहाला गल्लीच्या कोपऱ्यावर पेटवलेल्या पाचोळ्याचा धूर. 2017 पासून आपण स्वच्छतेत नंबर वन, कचऱ्याच्या गाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा असं सहा प्रकारे वेगळं करून देतो, पोरांनासुद्धा ते पाठ आहे. पण अंगणात चार पानं पडली की हात काडेपेटीकडेच जातो, का ते मला अजून कळलेलं नाही.

बरं, हे नुसतं वाईट दिसतं असं नाही. उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांनी मनाई केली आणि त्यात बागेचा कचरापण आला, शिवाय त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणाने साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000 रुपये दंड सांगितलाय. पण खरं सांगू, दंडापेक्षा मला त्या पानांचं वाईट वाटतं. पाडव्याला ज्या कडुनिंबाची कोवळी तांबूस पालवी आणि फुलं आपण गुळाबरोबर खातो, त्याच झाडाची जुनी पानं पंधरा दिवस आधी आपण जाळून मोकळे होतो.

आमची कॉलनी राजेंद्रनगरच्या बाजूची. कडुनिंब, पिंपळ, देशी बदाम, दोन-तीन आंबे, सगळं भरपूर. आम्ही काय करतो ते सांगते.

आधी माणसं, मग पानं

सगळ्यात आधी झाडणाऱ्या भैयांशी आणि माळीदादांशी बोलायचं. त्यांना "जाळू नका" एवढंच सांगून भागत नाही, कारण मग पानं न्यायची कुठे हा प्रश्न त्यांच्याच डोक्यावर, म्हणून आधी जागा दाखवायची. बागेच्या कोपऱ्यात, थोडी सावली, भिंतीपासून हातभर लांब, आणि कोणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली अजिबात नाही (हे अनुभवाचे बोल आहेत, पुढे येईलच). व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठा मेसेज टाकण्यापेक्षा दोन-तीन घरं पकडा जी खरंच येऊन पानं उलटतील. बाकीचे अंगठा दाखवतात.

जाळीचा पिंजरा

हार्डवेअरच्या दुकानातून तीन फूट उंचीची तारेची जाळी दहा फूट घ्यायची, गोल करून टोकं तारेने बांधायची, झाला तीन फूट रुंदीचा पिंजरा. खड्डा खणू नका, आपली माळव्याची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि खालचा सगळा माल सडतो. तळाशी वीतभर जाड काड्या आणि फांद्या टाकायच्या म्हणजे खालून हवा खेळते.

पानं चुरायची

हा भाग पोरांचा. ताडपत्रीवर वाळकी पानं पसरायची आणि पोरांना त्यावर नाचायला सोडायचं, कुरकुर आवाज येत दहा मिनिटांत ढीग निम्मा होतो. बदामाचं आणि आंब्याचं पान चिवट असतं, वर मेणासारखा थर असतो, ते अख्खं टाकलं तर थाळीसारखं एकावर एक चिकटून बसतं आणि मध्ये ना हवा जाते ना पाणी. कडुनिंब आणि गुलमोहराची बारीक पानं तशीच चालतात. नीलगिरीची वेगळी ठेवा, ती फार वेळ घेतात.

थर लावणं

वाळक्या पानात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी, म्हणून नुसती पानं टाकून ठेवली तर खत व्हायला वर्ष जातं. जंतूंना खायला काहीतरी ओलं, हिरवं द्यावं लागतं. सहा-आठ इंच पानं, त्यावर इंचभर कापलेलं गवत किंवा भाजीची सालं, वरून मूठभर बागेची माती आणि मग शेणकाला, असं पिंजरा भरेपर्यंत. शेणकाला म्हणजे बादलीभर पाण्यात एक-दोन किलो ताजं शेण, त्यात आंबट ताक वाटीभर आणि गुळाचा खडा. गूळ नसेल तर गुढीच्या साखरेच्या गाठी टाका. आमच्याकडे त्या दरवर्षी फ्रिजवर मुंग्या येईपर्यंत पडून असायच्या, आता सरळ बादलीत जातात.

शिजलेलं अन्न, तेलकट, पोळीचे तुकडे अजिबात नको, उंदीर येतात. होळीची राख टाकायची हौस सगळ्यांनाच असते, पण राख अल्कधर्मी आणि आपली काळी मातीपण बहुतेक तशीच, त्यामुळे एखादी मूठ पुरे, घमेली भरून नाही. आणि रंगपंचमीनंतरचा पहिला आठवडा पिंजऱ्यावर लक्ष ठेवा. एका वर्षी आम्ही उलटायला गेलो तर आतून गुलालाच्या प्लास्टिकच्या पिशव्याच निघाल्या, एकवीस मोजल्या मी.

पाणी, आणि माझी चूक

पहिल्या वर्षी मी रोज संध्याकाळी पाइप लावून पाणी घातलं, वाटलं उन्हाळा आहे, जितकं घालू तितकं चांगलं. आठ दिवसांत असा आंबूस वास सुटला की शेजारच्या काकू नाकाला पदर लावूनच माझ्याशी बोलायला आल्या, "अगं, हे खत आहे का गटार?" त्यांची खिडकी बरोब्बर वर होती. मग सगळं उपसलं, कोरडी पानं मिसळली, जागा बदलली, तीन दिवसांत वास गेला.

तेव्हापासून एकच परीक्षा. आतून मूठभर माल काढून घट्ट पिळायचा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडल्यावर भुसा उडाला तर पाणी हवंय. फार कोरडा ठेवला तर वाळवी लागते, तेपण बघितलंय. एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी पाणी लागतं, पण त्यासाठी नळाचं पाणी वापरू नका, नर्मदेचं ते पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर पंपाने चढवत आणलेलं असतं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवा, तेवढं पुरतं. वरून ओलं बारदान झाकायचं म्हणजे लवकर सुकत नाही.

उलटणं

पंधरा दिवसांनी एकदा. पिंजऱ्याची तार सोडायची, बाजूला तोच पिंजरा परत उभा करायचा आणि फावड्याने बाहेरचं आत, आतलं बाहेर करत भरायचं. ढीग नीट जमला असेल तर आत हात घातल्यावर चांगलंच गरम लागतं, भल्या सकाळी वाफपण दिसते. पण हात घालायच्या आधी काठीने ढोसून बघा आणि ग्लोव्ह्ज घाला, पानांच्या ढिगात विंचू बसतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एवढं करायची गरज नाही. वाळकी पानं कुंडीत दोन इंच पसरा, खोडाला चिकटवू नका, मेमध्ये पाणी निम्म्यानं कमी लागतं असा माझा तरी अनुभव आहे. आणि गच्चीवर सकोरा, म्हणजे पाखरांसाठी पाण्याचं मातीचं भांडं, ठेवलाच असेल तर त्यातलं पाणी रोज बदला, निदान आठवड्यातून दोनदा तरी घासून घ्या, नाहीतर चिमण्यांच्या नावाने डेंग्यूचे डास पाळल्यासारखं होतं.

कोणीतरी विचारतंच, अहो एवढा खटाटोप कशाला, गाडीत देऊन टाका, देवगुराडियाला तो मोठा गॅसचा प्लांट आहे ना? आहे, 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तेव्हा रोज 550 टन ओल्या कचऱ्याची क्षमता होती त्याची. पण तो घरातल्या ओल्या कचऱ्यासाठी. वाळक्या पानात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा चिवट घटक असतो, बिनहवेच्या टाकीत त्याचा गॅस जवळजवळ होतच नाही. हवेत, बुरशीच्या तोंडी दिलं तरच ते कुजतं.

मार्चच्या सुरुवातीला पिंजरा भरला तर जूनमध्ये पाऊस येईपर्यंत बहुतेक तयार होतं. रंग काळा-तपकिरी, पान ओळखू येत नाही आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास. तीन फुटांचा ढीग जेमतेम पाऊण फुटावर आलेला असतो. जुन्या खाटेची जाळी किंवा रेती चाळायची चाळणी घ्या आणि चाळा. तीन भाग काळ्या मातीत एक भाग खत मिसळलं की ती भेगाळायची कमी होते, हे मोगऱ्याच्या कुंडीत दोन महिन्यांत दिसतं. आमच्याकडे चाळलेलं खत घरटी एक पिशवी वाटतो, पहिली पिशवी काकूंना, आणि चाळणीवर उरलेलं जाडंभरडं परत पिंजऱ्याच्या तळाशी जातं, पुढच्या फाल्गुनात विरजण म्हणून.