माईक तिसऱ्या दिवशी

आमच्या कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या छोट्या स्टेशनवर, नवीन पोरं आली की आधी माईक मागतात. मी देत नाही. पहिले दोन दिवस नुसती वही. एसटी स्टँडवर, गिरणीत, डेअरीच्या रांगेत बसायचं आणि लोक बोलतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचं. 'पाणीटंचाई' लिहून आणली की वही परत. आमच्या माणदेशात गिरणीतली बाई म्हणते, "चार दिस झालं, हंडा पालथाच हाय."

तिसऱ्या दिवशी रेकॉर्डर. माईक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. थेट समोर धरला की 'प' आणि 'फ' फुटतात. माळावर वारं फार, तेव्हा फोमची टोपी नसेल तर मोजा चढवा. घरात पंखा, फ्रीज बंद करायला सांगा. (निघताना फ्रीज चालू करा. माझ्यापायी एका ताईंचं दूध नासलंय.) मुलाखत संपली तरी अर्धा मिनिट गप्प राहून रेकॉर्डिंग चालू ठेवा, एडिटिंगमध्ये सांधे झाकायला ती शांतता लागते.

"पाणी येतं का?" विचारलं की "न्हाय" म्हणून गाडी थांबते. "आज उठल्यापासून पाण्यासाठी काय काय केलं?" असं विचारा. मग मध्ये 'हं हं' नको, नुसती मान हलवा.

केंद्र सरकारच्या २००६ च्या धोरणानं शिक्षणसंस्थांसोबत स्वयंसेवी संस्थांनाही अशी स्टेशनं मिळाली, पण त्यांवर स्वतः तयार केलेल्या बातम्या आणि राजकारण चालत नाही. पाणी, वीज, हवामान, परीक्षा, साथीचे आजार यांच्या सूचना मात्र चालतात, आणि त्यातच खरी पत्रकारिता शिकता येते. एकदा मी फोनवर ऐकून पाण्याचा वार मंगळवार सांगितला. होता बुधवार. वाडीतल्या बाया खुरपणीचा रोज बुडवून नळावर बसल्या. तेव्हापासून पाणी सोडणाऱ्याला विचारायचं, ग्रामपंचायतीचा फळा बघायचा, आणि वार, वेळ, वाडीचं नाव त्यालाच परत वाचून दाखवायचं. १०० वॅटचं स्टेशन, दहा-बारा किलोमीटरचा टप्पा. चुकलात तर लोक घरी येऊन विचारतात.

प्रसारणानंतर कार्यक्रम तीन महिने जपावा लागतो. फाईलला तारीख-गाव-विषय असं नाव द्या, 'फायनल नवीन २' नको.

आणि लावण्याआधी, जिचा आवाज घेतलाय तिला हेडफोनवर ऐकवा. "सासूबाईंचं तेवढं काढा" म्हणाली की काढायचं, तुकडा कितीही झकास असला तरी.